धुळीचं वादळ ओसरल्यावर दम का लागतो?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही वाळवंटाला लागून असलेल्या शहरात राहता आणि वर्षातून तीन-चार वेळा धुळीचं मोठं वादळ येतं. आई ६८ वर्षांच्या, त्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुनाट आजार. मुलगा ९ वर्षांचा, त्याला दमा. वादळाच्या दिवशी तुम्ही दारं-खिडक्या लावून सगळ्यांना घरात ठेवता. तो दिवस निभावतो. मग आभाळ निवळतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोघांचीही छाती भरून येते. तुम्ही विचारलंय, ही तर नुसती माती, गाड्यांचा किंवा कारखान्यांचा धूर नाही, मग एवढा त्रास का व्हावा? आणि मास्क कोणता घ्यावा, एअर प्युरिफायरचा खर्च करावा का?

मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे. धुळीच्या मोसमात त्रास वाढलेले रुग्ण गेली वीसेक वर्षं पाहते आहे. मास्क आणि प्युरिफायरबद्दल पुढे सांगतेच. पण तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग तुम्ही ओघात लिहून गेला आहात: त्रास वादळाच्या दिवशी होत नाही, नंतर होतो. म्हणजे वादळाच्या दिवसाची तुमची तयारी बरी आहे. कमी पडतंय ते आधीचं आणि नंतरचं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मी दोघांनाही तपासलेलं नाही. आईंचा सीओपीडी कितपत पुढे गेलाय, फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, शेवटची कधी झाली, घरात कोणी सिगारेट ओढतं का, मुलगा रोजचं इन्हेलर घेतो की फक्त त्रास झाला की घेतो, हे तुम्ही लिहिलेलं नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीने उत्तर थोडं थोडं बदलतं. जिथे बदलतं तिथे तसं सांगेन.

आता धूळ. वादळात दोन वेगळ्या गोष्टी उडत असतात आणि आपण दोन्हींना एकच नाव देतो. वाळूचा कण जड असतो. तो जमिनीलगत उड्या मारत जातो, डोळ्यांत जातो, दाताखाली करकरतो आणि वारा पडला की खाली बसतो. फुप्फुसाला त्याची फारशी भीती नाही, कारण नाक आणि घसा त्याला अडवतात. पण उड्या मारणारी ही वाळू जमिनीवर आपटते तेव्हा मातीतले अतिशय बारीक कण सुटे होतात. ते वर चढतात, काही किलोमीटर उंचीपर्यंत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे पीएम १०, नाक चुकवून श्वासनलिकांत उतरतात. त्यातले २.५ मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे पीएम २.५, थेट वायुकोशांपर्यंत पोचू शकतात. फर्निचरवर बोटाने रेघ ओढता येईल असा थर दिसतो ना, तो बसलेल्या धुळीचा. छातीत जाते ती अजून बसलेली नसते.

आणि ती लवकर बसतही नाही. सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून साधारण आठवड्याभरात कॅरिबियन बेटांवर पोचते. जून २०२० मध्ये अशीच एक प्रचंड लाट कॅरिबियन समुद्र ओलांडून अमेरिकेच्या दक्षिण भागापर्यंत गेली होती. जे कण आठवडाभर समुद्रावर तरंगू शकतात, ते तुमच्या गल्लीत दोन दिवस तरंगत राहिले तर नवल नाही. वारा थांबला, सूर्य दिसू लागला, की आपल्याला वाटतं वादळ संपलं. डोळ्यांपुरतं ते संपलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घालून दिलेली चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा पीएम १० साठी ४५ आणि पीएम २.५ साठी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. मोठ्या वादळात पीएम १० हजारांत जातं. तिथून उतरत उतरत ते दोन-तीनशेवर आलं की आभाळ बऱ्यापैकी निळं दिसतं, लोक खिडक्या उघडतात, मुलं खेळायला बाहेर पडतात. दम्याच्या मुलासाठी दोन-तीनशे हा आकडा अजिबात सुरक्षित नाही.

‘नैसर्गिक माती’ म्हणून ती निरुपद्रवी असेल, हा तुमचा समज अनेक सुशिक्षित रुग्णांकडूनही ऐकते. या धुळीत क्वार्ट्झ, फेल्डस्पार, चिकणमातीची खनिजं आणि लोहाची ऑक्साइडं असतात. त्यांच्याबरोबर बुरशीचे बीजाणू, परागकण, जिवंत आणि मेलेले जिवाणू प्रवास करतात. काही मेलेल्या जिवाणूंच्या आवरणातला एंडोटॉक्सिन नावाचा घटक श्वासनलिकेला सूज आणण्यात पटाईत आहे. शिवाय धूळ ज्या प्रदेशावरून येते तिथलं काही ना काही अंगाला लावून घेते. गोबीच्या वाळवंटातून कोरिया आणि जपानकडे जाणारी पिवळी धूळ औद्योगिक पट्ट्यांवरून जाते, तेव्हा सल्फेट आणि नायट्रेटचे थर तिच्या कणांवर चढतात.

म्हणूनच ‘वाळवंटी धुळीने दमा बळावतो का’ या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळत नाही. सहाराचीच धूळ त्रिनिदादलाही पोचते आणि बार्बाडोसलाही. त्रिनिदादच्या अभ्यासात धुळीचे दिवस आणि दम्यासाठी तातडीने रुग्णालयात आणलेली मुलं यांचा संबंध दिसला, बार्बाडोसच्या अभ्यासात तसा ठळक संबंध दिसला नाही. दुसरीकडे २३ सप्टेंबर २००९ ला सिडनी शहर लाल धुळीत बुडालं, तेव्हा दम्यासाठी तातडीच्या विभागात येणाऱ्यांची संख्या सुमारे पाचव्या हिश्श्याने वाढली. मे २०२२ मध्ये इराकमधल्या एका वादळात सुमारे ५,००० लोकांना श्वासाच्या त्रासासाठी उपचार घ्यावे लागले. कणांचं प्रमाण किती, ते कुठून आले, वाटेत काय घेऊन आले आणि समोरची फुप्फुसं कशी होती, या सगळ्यांवर परिणाम ठरतो. पहिल्या तीन गोष्टी तुमच्या हातात नाहीत. चौथी आहे, आणि माझा सगळा भर तिच्यावर आहे.

तिच्याकडे येण्याआधी दोन दिवसांच्या अंतराचं कोडं सोडवू. धूळ श्वासनलिकेत गेली की पहिल्या तासांत खोकला येतो, नळीभोवतीचा स्नायू आवळतो, छातीत घरघर होते. यावर तात्काळ आराम देणारं इन्हेलर, म्हणजे बहुतेकांकडे असलेलं निळं साल्ब्युटामॉल, छान चालतं, कारण ते स्नायू सैल करतं. पण धुळीचं काम तिथे संपत नाही. फुप्फुसात सफाईचं काम करणाऱ्या पेशी हे खनिजाचे कण गिळतात. जिवाणू त्यांना पचवता येतो, दगडाचा कण पचत नाही. मग त्या रासायनिक संदेश सोडून आणखी पेशींना बोलावतात. श्वासनलिकेचं अस्तर सुजतं, चिकट कफ तयार होतो. याला एक ते तीन दिवस लागतात. नळी आता स्नायूने आवळलेली नसते, तर आतून सुजून आणि कफाने अरुंद झालेली असते. तिथे निळा पफ मारून अर्धा-पाऊण तास बरं वाटतं आणि परत तेच. रुग्ण म्हणतात, ‘डॉक्टर, पंप काम करेनासा झालाय.’ पंप व्यवस्थित असतो. सूज उतरवणं हे त्याचं कामच नाही.

आई आणि मुलगा यांच्यातही फरक पडतो. मुलाच्या श्वासनलिका अतिसंवेदनशील आहेत, पण फुप्फुस मुळात निरोगी आहे. त्याचा त्रास लवकर येईल आणि योग्य औषधाने लवकर जाईलही. आईंचं तसं नाही. श्वासनलिकांच्या आत बारीक केसांचा एक गालिचा असतो, तो सतत हलत राहून कफ आणि धूळ वर ढकलतो. सीओपीडीत हा गालिचा जागोजागी झिजलेला असतो. धूळ वर ढकलली जात नाही, कफ साचतो आणि साचलेल्या कफात तिसऱ्या-चौथ्या दिवशी जंतुसंसर्गाला वाव मिळतो. म्हणून आईंच्या बाबतीत वादळानंतर आठवडाभर कफाकडे लक्ष ठेवा. पांढऱ्याचा पिवळा किंवा हिरवा झाला, प्रमाण वाढलं, नेहमीच्या हालचालीत जास्त दम लागू लागला, तर त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना कळवा. घरात उरलेल्या अँटिबायोटिक किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. आधीच ठरवून डॉक्टरांनी लिहून दिलेला राखीव कोर्स असेल तर ती गोष्ट वेगळी.

आता चौथी गोष्ट. माझ्याकडे एक रुग्ण यायचे, पस्तिशीतले, बांधकामावर देखरेख करणारे. दर धुळीच्या मोसमात दोनदा तरी रात्री तातडीच्या विभागात, नेब्युलायझर (औषधाचं धुकं करून देणारं यंत्र), स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि सकाळी घरी. खिशात निळं इन्हेलर, तेवढंच औषध. मोसम संपला की तेही कपाटात. आम्ही त्यांना रोजचं, कमी मात्रेचं स्टेरॉइड असलेलं इन्हेलर सुरू केलं, तेही मोसमाच्या दोन महिने आधी. त्या वर्षी धूळ नेहमीसारखीच होती. त्यांना खोकला झाला, दोन रात्री झोपमोड झाली, पण रुग्णालयात यावं लागलं नाही. सगळ्यांना इतका फरक पडत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण ज्या दमेकऱ्यांचा त्रास ‘धुळीमुळे’ म्हणून माझ्यापर्यंत येतो, त्यांच्यात रोजचं औषध न घेणारेच जास्त असतात. आधीच सुजलेल्या नळीवर धूळ पडते आणि दोष सगळा धुळीला जातो.

स्टेरॉइडचं इन्हेलर वादळाच्या सकाळी सुरू करून फारसा उपयोग नाही. अस्तर शांत व्हायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासूनच किशोरवयीन आणि मोठ्यांना केवळ निळ्या इन्हेलरवर ठेवू नये असं सांगितलं आहे, आणि लहान मुलांतही निळा पफ वारंवार लागत असेल तर सूज उतरवणारं औषध हवंच. ‘स्टेरॉइड’ या शब्दाची आईवडिलांना वाटणारी धास्ती मी समजू शकते. इन्हेलरमधून जाणारी मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, ती गोळीच्या तुलनेत अगदी थोडी आणि थेट श्वासनलिकेवर पडणारी. वादळानंतर दरवेळी गोळ्यांचा कोर्स घ्यावा लागण्यापेक्षा ती कितीतरी बरी. मुलाला ते द्यायचं का, किती द्यायचं, हे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही हा प्रश्न त्यांना मोसमाच्या आधी विचारा.

आणि इन्हेलर घेण्याची पद्धत त्यांच्यासमोर करून दाखवा. मी प्रत्येक भेटीत रुग्णाला सांगते, बोलू नका, करून दाखवा. निम्म्या वेळा तरी काहीतरी चुकलेलं सापडतं. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे स्पेसरमध्ये, म्हणजे इन्हेलरला लावायच्या पोकळ नळकांड्यात, लागोपाठ दोन पफ मारणं. घाईत सगळे तसंच करतात. इन्हेलर हलवा, स्पेसरला लावा, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून एकच पफ, मग पाच-सहा संथ श्वास. अर्धा-एक मिनिट थांबा, पुन्हा हलवा, मग दुसरा. स्टेरॉइडचं असेल तर नंतर चूळ भरून थुंकायचं. धुळीच्या मोसमात आणखी एक सवय लावा: पफ घेण्याआधी तोंडाकडचं टोपण काढून आत डोकावून बघा. खिशात, दप्तरात टोपण निघालेलं असेल तर तिथे धूळ बसते आणि पहिल्या पफबरोबर तीच आत जाते.

वादळाची चाहूल आता आधी लागू शकते, याचा फायदा घ्या. जागतिक हवामान संघटनेने २००७ मध्ये वाळू आणि धुळीच्या वादळांच्या इशाऱ्यांची यंत्रणा सुरू केली. तिच्याशी जोडलेलं बार्सिलोनाचं केंद्र उत्तर आफ्रिका, मध्यपूर्व आणि युरोपसाठी धुळीचे अंदाज नकाशावर देतं, साधारण तीन दिवस पुढचे. तुमच्या भागाच्या हवामान खात्याचे इशारेही असतीलच. हे दोन-तीन दिवस घर आवरण्यात घालवू नका. इन्हेलरमध्ये किती पफ उरलेत ते पाहा, स्पेसर धुऊन ठेवा, आणि ‘धूळ येणार असेल तर औषध वाढवायचं का’ याचं उत्तर डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घेतलेलं असू द्या. वादळात फोन लावून विचारायची वेळ येऊ नये.

घर बंद ठेवण्याबद्दल मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. एका वयस्कर सीओपीडीच्या रुग्णांना मी बजावलं होतं, वादळात घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्यांनी तंतोतंत ऐकलं. चौथ्या दिवशी धापा टाकत आले. मला वाटलं बाहेर गेले असणार, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ते दुखावले. मग त्यांच्या मुलीने सांगितलं, बाबा चार दिवस कूलरसमोरच बसून होते. पाण्याचा कूलर बाहेरची हवा ओल्या जाळीतून ओढून आत फेकतो, आणि तो नीट चालावा म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवतात. ओली जाळी मोठे कण अडवते, बारीक कण सुखरूप आत येतात. मी त्यांना धुळीच्या झोतासमोर बसवलं होतं, आणि घरात हवा कुठून येते हे एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. तुमच्याकडे कूलर असेल तर वादळात आणि नंतरचे दोन दिवस बंद. घरातलीच हवा फिरवणारा एसी चालेल, बाहेरची हवा घेण्याची झडप असेल तर ती लावून. गाडीतही तेच.

आणि आता तो दुसरा दिवस, जिथे तुमची बाजू सगळ्यात कमकुवत आहे असं मला वाटतं. वादळ थांबलं की घरातलं माणूस पहिलं काय करतं? केरसुणी हातात घेतं. पडदे झटकले जातात, गाद्या आपटल्या जातात, चादरी झाडल्या जातात. रात्रभरात जेमतेम खाली बसलेले बारीक कण पुन्हा हवेत, तेही बंद घरात, नाकाच्या उंचीवर. अडीच मायक्रॉनच्या कणाला पुन्हा खाली यायला तासन्‌तास लागतात आणि माणसांची ये-जा सुरू असेल तर त्याहून जास्त. वादळाने दिली नाही इतकी धूळ ही साफसफाई आईंना देऊ शकते. झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा तर हेपा, म्हणजे अतिशय बारीक कणही अडवणारा फिल्टर असलेलाच, साध्या पिशवीतून बारीक धूळ परत खोलीत येते. पडदे न झटकता गुंडाळून थेट धुवायला टाका. एसीच्या जाळ्या घराबाहेर नेऊन धुवा. मुलाची वादळातली चप्पल, दप्तर आणि गाडीची सीट विसरू नका. हे सगळं होईपर्यंत आई आणि मुलगा दुसऱ्या खोलीत, दार लावून. जो पुसेल त्याने मास्क लावावा.

खिडक्या कधी उघडायच्या हे आभाळ बघून ठरवू नका, आकडा बघून ठरवा. हवेच्या गुणवत्तेचा एकच मोठा आकडा दाखवणारी ॲप धुळीच्या बाबतीत फसवू शकतात. काही ॲप फक्त पीएम २.५ वर आकडा काढतात, आणि वाळवंटी धुळीत पीएम १० त्याच्या कितीतरी पट वाढलेलं असतं. दोन्ही वेगवेगळे दिसतील असं पाहा. शिवाय चोवीस तासांची सरासरी वादळ सुरू होताना फार कमी दिसते आणि संपल्यावर फार जास्त. तुम्हाला हवा असतो ताशी आकडा. तो नेहमीच्या पातळीला आला की खिडक्या खुशाल उघडा, आणि नक्की उघडा. स्वयंपाकाचा धूर, उदबत्ती, सिगारेट असलेलं घर दिवसेंदिवस कोंडून ठेवणं हाही फुप्फुसाला त्रासच आहे.

आता मास्क. एन ९५ किंवा एफएफपी २ दर्जाचा घ्या, कडेने फट राहणार नाही असा. हवा फटीतून जात असेल तर कापड कितीही चांगलं असलं तरी फरक पडत नाही, म्हणून दाढीवर तो नीट बसत नाही आणि मोठ्यांचा मास्क मुलाला उपयोगी नाही. ओला रुमाल किंवा साधा सर्जिकल मास्क वाळू अडवतो, बारीक धूळ फारशी नाही. आईंच्या बाबतीत मी जपून सांगते. सीओपीडी बराच पुढे गेला असेल तर घट्ट मास्कमधून श्वास ओढणं हेच त्यांना जड जाईल. त्यांच्यासाठी मास्क म्हणजे रुग्णालयापर्यंतच्या दहा मिनिटांची सोय, बाहेर फिरण्याचा परवाना नाही. श्वास सोडण्याची झडप असलेला त्यांना थोडा सोपा जातो. मास्कमध्ये घुसमट वाढली तर काढायचा.

प्युरिफायर घेणं परवडत असेल तर घ्या, पण पूर्ण घरासाठी नाही. हेपा फिल्टरचा, एका खोलीच्या आकाराला पुरेसा, आणि ती खोली आई आणि मुलगा झोपतात ती. वादळ पोचण्याआधी सुरू करा, दार लावून ठेवा, नंतर दोन-तीन दिवस चालू राहू द्या. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका, ओझोन स्वतःच श्वासनलिकेला चावतो. ह्युमिडिफायर हवा दमट करतो, स्वच्छ करत नाही. खर्चाची निवड करायची वेळ आली, तर मुलाचं रोजचं इन्हेलर आधी आणि प्युरिफायर नंतर, हा माझा क्रम आहे.

आईंना घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, आहे का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर त्याच्या मागची जाळी वादळाच्या दुसऱ्या दिवशी उघडून पाहा. एका बाईंचा रक्तातला ऑक्सिजन, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर, घरी सतत ८४-८५ टक्के येत होता म्हणून त्यांना आणलं. मुलाने यंत्रही उचलून आणलं होतं. मागचं झाकण काढलं तर स्पंजची जाळी तपकिरी नमद्यासारखी घट्ट झाली होती, बोटाने दाबली तर धुळीचा लगदा निघाला. यंत्राला हवाच ओढता येत नव्हती. जाळी साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवायची, एक जास्तीची घरात ठेवायची. नेब्युलायझर आणि झोपेत लावायच्या सीपॅप यंत्राच्या फिल्टरलाही हेच लागू. ते धुण्यासारखे नसतील तर बदला.

रुग्णालयात केव्हा न्यायचं, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येत नाही. निळ्या इन्हेलरचा उतार चार तासही टिकत नाही. श्वास घेताना मुलाच्या बरगड्यांमधली जागा किंवा गळ्याखालचा खळगा आत ओढला जातोय. ओठ निळसर झालेत. मुलाचा ऑक्सिजन ९२ च्या खाली आहे. यातलं एकही दिसलं तर निघायचं, वाटेत ठरल्याप्रमाणे पफ देत. आईंचा आकडा त्यांच्या नेहमीच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो, म्हणून तब्येत बरी असतानाचा आकडा आजच लिहून ठेवा. त्या ऑक्सिजनवर असतील तर घाबरून प्रवाह स्वतःहून वाढवू नका. सीओपीडीत आम्ही बहुतेक वेळा ८८ ते ९२ च्या दरम्यानच ठेवतो, कारण काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साचतो. त्या वेळी धाप कमी झाल्यासारखी वाटते आणि माणूस पेंगुळतो. धाप लागलेला माणूस अचानक गुंगीत गेला तर आराम पडला असं समजू नका, लगेच निघा.

तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, अशाने मुलाच्या फुप्फुसात कायमची धूळ साठेल का. लडाखच्या काही गावांत खाणीत कधीही काम न केलेल्या लोकांमध्ये सिलिकोसिस आढळलेला आहे. तिथे वसंत ऋतूत धुळीची वादळं येतात आणि घरांत चुलीचा धूर कोंडतो. पण तो अनेक दशकांचा संपर्क आहे, तोही मुख्यतः वय झालेल्या माणसांत. वर्षातून तीन-चार वादळं, त्या वेळी घरात असलेला मुलगा, याची तुलना त्याच्याशी होत नाही. मला त्याच्याबद्दल याहून जवळची काळजी वाटते: दमा ताब्यात नसताना वारंवार येणारे झटके, बुडणारी शाळा, आणि ‘धुळीत त्रास होतो’ म्हणून सुटलेलं खेळणं. धूळ नसेल त्या दिवशी त्याला मनसोक्त पळू द्या.

एक काम आजपासून सुरू करता येईल. मुलासाठी पीक फ्लो मीटर घ्या, छोटीशी नळी असते, त्यात जोरात फुंकायचं. तब्येत उत्तम असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तीन-तीन फुंका, तिन्हींतला मोठा आकडा वहीत. त्यातला सगळ्यात वरचा आकडा म्हणजे त्याचा सर्वोत्तम. मग पुढच्या वादळाच्या इशाऱ्यापासून आभाळ निवळल्यानंतरच्या पाचव्या दिवसापर्यंत रोज लिहा, शेजारी पीएम १० चा ताशी आकडा आणि किती निळे पफ लागले ते. आकडा सर्वोत्तमाच्या ८० टक्क्यांखाली आला की लिहून घेतलेली योजना सुरू करायची, ५० टक्क्यांखाली गेला तर रुग्णालय. काही मुलांत खोकला सुरू होण्याच्या आधीच हा आकडा घसरायला लागतो, आणि तुम्हाला जो दुसरा-तिसरा दिवस अचानक वाटतो तो वहीत आदल्या संध्याकाळीच दिसू शकतो. आईंसाठी त्याच वहीत दुसरं पान करा: कफाचा रंग, ऑक्सिजन, आणि न थांबता घरात किती चालता आलं. पुढच्या भेटीला ही वही घेऊन जा आणि डॉक्टरांसमोर उघडी ठेवा.